साखर उतरते तेव्हा

बोट नितेरॉयच्या धक्क्याला लागली, साखळ्या खडखडल्या, माणसं उठून दाराशी गोळा झाली आणि बघता बघता उतरूनही गेली. हे सगळं जुरेमाने पाहिलं. आपणही उठायला हवं, हे तिला कळत होतं. पण कळणं एका बाजूला राहिलं आणि पाय दुसऱ्या बाजूला. समोरच्या भिंतीवर 'धोक्याच्या वेळी' अशी सुरुवात असलेली सूचना लावलेली होती. तिच्यातली अक्षरं एकेक सुटी होऊन किंचित वर तरंगत होती. ओठ आपले नसल्यासारखे झाले होते. कानामागून घामाची एक बारीक धार कॉलरमध्ये उतरत होती, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या मानेवरून जावी तशी जुरेमा तिची वाट न्याहाळत होती. मग रिओकडे जाणारी नवी माणसं आत आली, बसली, बोट सुटली. मधलं काहीच तिच्या हाती लागलं नाही. पुन्हा भान आलं तेव्हा शेजारची एक म्हातारी तिच्या गालाला धरून तोंडात गोळी सारत होती, आणि गोळीच्या गोडीच्या आधी जिभेला मीठ लागलं. तिचा सगळा चेहरा ओला होता.

"ओस्मार कोण गं बाई तुझा?" म्हातारीने विचारलं.

"भाऊ."

"मग त्याला बोलावून घेऊ का धक्क्यावर? केव्हाची त्याच्या नावाने रडते आहेस. साऱ्या बोटीने ऐकलं."

जुरेमा म्हणाली की नको, तो कामात असेल. गोळी चघळून संपेपर्यंत अक्षरं सूचनेवर परत जाऊन बसली. पलीकडचा धक्का आला, म्हातारी उतरली. जुरेमा त्याच बोटीने तिसऱ्यांदा खाडी ओलांडून नितेरॉयला घरी आली, आणि वाटेत रुमालाने पुसलेले गाल पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. कारण ओस्मारला जाऊन पंधरा महिने झाले होते आणि या पंधरा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. शवपेटी खाली सोडताना नाही, की त्याच्या चपला चर्चच्या पेटीत टाकताना नाही. सेलेस्ते, तिची भावजय, दफनभूमीत दोन बायकांच्या हातांतून निसटून जमिनीवर बसली होती. तेव्हा जुरेमा तिच्यावर छत्री धरून उभी होती, आणि छत्रीची एक काडी वाकली आहे, ती सरळ करून घ्यायला हवी, एवढाच विचार तिच्या मनात होता. लोकांना वाटलं, धक्का बसलाय, पोर सुन्न झालीय. पोर कसली, सेहेचाळीस वर्षांची बाई. पण वजन उतरल्यापासून मागून पाहणारे तिला पोरच समजत.

बोटीच्या त्या दिवशी दुपारी, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात मालकांचा, अनिबाल म्हाताऱ्यांचा, सत्तरावा वाढदिवस होता. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या बशीत केकचा तुकडा ठेवला, वर आटीव दुधाची जाड धारही सोडली, आणि एवढ्या प्रेमाने ठेवल्यावर नाही कसं म्हणायचं म्हणून तिने तो सगळा खाल्ला. डॉक्टरीण तेल्माबाईंनी हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांनी समजावलं ते असं : पोटाची आता एवढीशी वाटी उरलीय, आतडं तिला थेट जोडलंय. गोड पदार्थ वाटेत कुठे थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरतो. शरीर घाबरतं आणि बादलीभर इन्सुलिन ओतून मोकळं होतं. मग तासा-दोन तासांनी साखर खाली, आणखी खाली. वजन उतरवायच्या या शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्षाने काही जणांना हे सुरू होतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं, आधी अंडं, चीज, कोंबडी, मग बाकीचं, आणि सावकाश, घास बत्तीस वेळा चावून. केक बंद. उसाचा रस तर बंदच बंद. बोट टोचून साखर मोजायचं यंत्र त्यांनी लिहून दिलं. सत्तरच्या खाली दिसली तर एक मोठा चमचा साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायची, मग चीजचा तुकडा. हसण्यावारी नेऊ नका, त्या म्हणाल्या, आकडा चाळीसच्या आसपास आला की माणूस बरळायला लागतं, त्याखाली कोसळतं. आणखी काही होतं का त्या वेळी? जुरेमा म्हणाली, नाही, आणखी काही नाही.

आणि ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना विचार करत होती की हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. भूक जाईल हे सांगितलं होतं, आणि भूक गेली, कुणी खोलीतला दिवा मालवावा तशी. पण तिच्याबरोबर बाकीचे दिवेही जातील, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ती आणि ओस्मार, दोघं भावंडं लहानपणापासून लठ्ठ, आणि लठ्ठपणा हे त्यांचं एक वेगळं घर होतं. त्यात फक्त दोघं राहत. तीन माणसांच्या बाकावर ती दोघं बसत आणि उभी असलेली माणसं कुजबुजली की ओस्मार अदबीने म्हणे, बसा की, माझ्या मांडीवर जागा आहे. रविवारी बाजारात तो उसाच्या रसाचे दोन मोठे पेले घेई आणि गरम तळलेल्या पुऱ्या, चीज भरलेल्या. तिथे उभ्याउभ्याच ती दोघं इतक्या एकचित्ताने खात की एकमेकांकडे बघायचीही गरज नसे. तो तिला 'गोळे' म्हणे. हाच शब्द शाळेत पोरं म्हणायची तेव्हा तिला मरावंसं वाटे, आणि तोच ओस्मारच्या तोंडून आला की पांघरूण घातल्यासारखं. तो फ्रिज दुरुस्त करायचा. एकशे अठ्ठावन्न किलोंचा माणूस फ्रिजमागे गुडघे टेकून बसला की उठवायला गिऱ्हाइकाला हात द्यावा लागे. शस्त्रक्रियेसाठी सरकारी इस्पितळात नाव घालू या, ही कल्पना त्याचीच. दोघांची नावं एकाच दिवशी घातली, त्याचं आधी, तिचं त्याच्या मागून. मग चार वर्षं रांग. दर महिन्याच्या बैठका, आहाराच्या वह्या, चाचण्या, चाचण्यांच्या तारखा उलटल्या की पुन्हा चाचण्या. खालच्या मजल्यावर ओस्मार आणि सेलेस्ते, वरच्यावर ती, आणि फोन एकच, खालच्या दिवाणखान्यात. इस्पितळात दोघांनीही तोच नंबर दिलेला.

फोन आला तो मार्चमधल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास. जुरेमा सर्दीने घरी होती. ओस्मार कुणाचा तरी फ्रिज बघायला गेलेला, सेलेस्ते शाळेत, तिथे ती तीनशे मुलांचा स्वयंपाक करते. पलीकडची बाई घाईत होती. येत्या मंगळवारची एक जागा अचानक रिकामी झालीय, ओस्मार तावारेस आहेत का, त्यांचा हृदयाच्या डॉक्टरांचा कागद आमच्याकडे आलेला दिसत नाही, तो मिळालाय का? कागद मिळाला होता. मंगळवारीच सेलेस्तेने आणला होता आणि फोनखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. ड्रॉवर अर्धवट उघडा होता, जुरेमाला पाकिटाची कड दिसत होती. ती म्हणाली, नाही, अजून नाही मिळाला. मग जराही न थांबता, तिचा तिलाच न ओळखू येणाऱ्या आवाजात म्हणाली की माझे मात्र सगळे कागद तयार आहेत, मी जुरेमा तावारेस, त्याच्या मागचं नाव. बाईने कागद चाळले आणि म्हणाली, ठीक, मग तुम्ही या, त्यांचं दोन-तीन महिन्यांत होईल. एवढंच. एका मिनिटाचं काम. संध्याकाळी ओस्मारला तिने सांगितलं की इस्पितळाने माझं नाव काढलंय, का कोण जाणे. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग घर हादरेल असा हसला. मंगळवारी तिची पिशवी त्यानेच उचलली, इस्पितळाचे दोन जिने धापा टाकत चढला आणि दाराशी म्हणाला, जा गोळे, तू पुढे हो, रस्ता बघून ठेव. जुलैत, एका बेकरीच्या फ्रिजमागे गुडघ्यांवर असतानाच, त्याचं हृदय थांबलं. बेकरीवाल्याला वाटलं, उठवायला हात मागतोय.

तोवर ती एकशे एकतीसवरून शंभरावर आली होती. मग नव्वद, मग ऐंशी, आता चौऱ्याहत्तर. दुकानात गिऱ्हाइकं तिला ओळखत नसत. ती त्यांच्या नाकावर काचा बसवी, एवढ्या जवळून डोळ्यांत बघे की त्यांचा श्वास हनुवटीला लागे, आणि विचारी, आता बरं दिसतं की मघाशी? आता, की मघाशी? उत्तर लिहून घेई. त्या प्रश्नाखेरीज दिवसभरात तिच्या आत दुसरा प्रश्न नसे. लोक म्हणत, किती छान दिसतेस. ती आभार मानी. शिळ्या पावाचा तुकडा पाण्यात टाकला की कसा फुगतो, मऊ होतो, मग विरघळतो, तसं काहीतरी आपल्या बाबतीत होईल म्हणून तिने बरेच दिवस वाट पाहिली होती. नंतर वाट बघणंही आपोआप बंद झालं.

आणि आता ती बोट. पुढच्या शुक्रवारी काम सुटल्यावर जुरेमा दुकानापासून दोन गल्ल्यांवरच्या उसाच्या रसाच्या गाड्याशी गेली आणि मोठा पेला मागितला. रसवाल्याने लिंबू पिळू का विचारलं. ती म्हणाली, पिळा. सगळा पेला तिने औषधासारखा एका दमात संपवला. आधी पोटात कालवाकालव, छातीत धडधड, ते सगळं धक्क्यावरच्या बाकावर बसून घालवलं. मग सव्वासहाची बोट सोडली, पावणेसातची सोडली आणि सातची पकडली, वरच्या मजल्यावर, खिडकीशी. खाडीच्या मध्यावर ओठ बधिर झाले. हात मांडीवर बारीक थरथरायला लागले. मग आत कुठेतरी एक जाड पडदा, जो असल्याचंही तिला कधी कळलं नव्हतं, एका बाजूने सुटला, आणि ओस्मार शेजारी येऊन बसला. दिसला नाही. पण बाक त्याच्या बाजूला खचला, त्याच्या श्वासातली शिट्टी ऐकू आली, त्याच्या शर्टाला असायचा तो तेलाचा आणि थंड पत्र्याचा वास आला, आणि भीती, लाज, प्रेम असं जे काही माणसांना होतं ते सगळं एकदम, कुठलं कोणतं हे न कळता, तिच्या अंगावर कोसळलं. ती रडली. पर्समध्ये कॉफीच्या दुकानातल्या साखरेच्या पुड्या होत्या. धक्का दिसू लागल्यावर तिने दोन फाडून तोंडात ओतल्या. पंधरा मिनिटांत हात थांबले, डोळ्यांपुढचं स्थिर झालं, आणि दुःखही साखरेबरोबर विरघळून गेलं. ती धक्क्यावरून बाहेर पडली तेव्हा तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की घरी चीज संपलंय.

असे पाच शुक्रवार गेले. दर शुक्रवारी ती रस पिई, बोटी मोजी, वेळ मोजी, यंत्रावरचा आकडा बघे. बावन्न. सत्तेचाळीस. आकडा जितका खाली तितका ओस्मार जवळ, असं ठरूनच गेल्यासारखं झालं होतं. शेजारी बसणारी माणसं उठून जात किंवा पाणी देत. आपण मोठ्याने काय बोलतो हे तिला नंतर आठवत नसे, आणि याची तिला धास्ती वाटायला हवी होती. पण धास्ती फक्त साखर उतरल्यावरच वाटे आणि तेव्हा तिचं काही करता येत नसे. पाचव्या शुक्रवारी आकडा एक्केचाळीस होता. पुडी हातात होती. धक्का दिसत होता. ती पुडी फाडायची आहे, हे तिला अगदी व्यवस्थित कळत होतं, आणि ती फाडत नव्हती. एका खलाशाने तिच्या बोटांतून ती काढून घेतली, फाडली आणि तिच्या तोंडात ओतली. तो काहीतरी रागाने बोलत होता, शब्द कळले नाहीत.

त्यानंतरचा शुक्रवार सुट्टीचा होता, दुकान बंद. शनिवारी दुपारी ती वस्तीतल्याच बाजारात गेली. पेला संपवून तासाभराने घरी पोचली आणि वरच्या मजल्याच्या जिन्यावर, चौथ्या पायरीवर, बसली. खाली अंगणात सेलेस्ते कपडे वाळत घालत होती. सेलेस्ते बारीक, काटक, कमी बोलणारी बाई. ओस्मार गेल्यावर ती दर रविवारी जुरेमाला जेवायला बोलवी. दोघी समोरासमोर बसत, जुरेमा तीन घास खाई, आणि सेलेस्ते उरलेलं झाकून ठेवी. दोरीवरच्या चादरी हलत होत्या. मग चादरींचं पांढरं सगळीकडे पसरलं, आणि जुरेमाला पुढचं आठवत नाही. भान आलं तेव्हा सेलेस्तेचा ओला हात तिच्या जबड्याखाली होता आणि साखरेचं पाणी हनुवटीवरून ब्लाऊजवर सांडत होतं.

सेलेस्तेने यंत्र तिच्या पिशवीतून काढलं, तिचं बोट स्वतः टोचलं. चव्वेचाळीस. आणखी पाणी पाजलं. मग पायरीखाली जमिनीवर बसून मनगटावरच्या घड्याळात बघत राहिली. पंधरा मिनिटं झाल्यावर पुन्हा टोचलं. त्र्याऐंशी. आत जाऊन चीजचा तुकडा आणला, तो जुरेमाने चावून गिळेपर्यंत थांबली आणि मग ॲप्रनला हात पुसत म्हणाली,

"आता सांग. मघाशी सांगितलंस ते."

जुरेमा म्हणाली, आपण काय बोललो ते आपल्याला आठवत नाही.

"मला आठवतंय," सेलेस्ते म्हणाली. "पण साखर उतरलेल्या बाईच्या तोंडचं मी धरत नाही. शुद्धीवर आहेस, तर शुद्धीवर सांग."

तिथून उठून वर जाता आलं असतं. पाय आता तिचेच होते. हात स्थिर होते. आत काहीही नव्हतं, रडू नाही, भीती नाही, जिच्या आडोशाला उभं राहून बोलता येईल अशी भोवळसुद्धा नाही. जुरेमाने सांगितलं. गिऱ्हाईक भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचतं तशा आवाजात, एकेक करून : गुरुवार, अकरा वाजता, बाईने आधी त्याचं नाव घेतलं, कागद विचारला, ड्रॉवर उघडा होता, मला पाकीट दिसत होतं, मी नाही म्हणाले. मग माझं नाव मीच सांगितलं. संपल्यावर सेलेस्ते रिकामा पेला घेऊन अंगणातल्या नळाशी गेली, तो धुतला, पालथा घातला, पुन्हा उचलून पुन्हा धुतला.

"तो कागद मी दोन बस बदलून आणला होता," ती पाठमोरीच म्हणाली. "तो गेल्यावर मी इस्पितळात गेले. कागद मिळाला होता, मग नाव मागे का ठेवलंत, म्हणून त्या खिडकीतल्या बाईला विचारलं. ती म्हणत राहिली, घरच्यांनीच सांगितलं तयार नाही. मी तिला खोटारडी म्हणाले. खुनी म्हणाले, जुरेमा. साऱ्या रांगेदेखत. ती रडायला लागली तरी थांबले नाही." मग चादरीचं टोक दोरीवर सारखं करत : "सोमवारी सुट्टी घे. आपल्याला जायचंय."

सोमवारी त्या दोघी बसमध्ये मागे-पुढे बसल्या. इस्पितळाच्या खिडकीपुढे अकरा माणसं होती, बहुतेक अवजड, भिंतीला टेकून उभी, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर घेणारी. त्यांच्यात आपण शोभत नाही, हे जुरेमाला त्यांच्या नजरांवरून कळलं. नंबर आल्यावर सेलेस्तेने वाकून सांगितलं की मागच्या वर्षी मी तुम्हाला नको ते बोलले होते, चूक तुमची नव्हती, आमच्या घरातली होती. खिडकीतली बाई ऐकत होती. तिच्या चष्म्याची दांडी सैल होती आणि तो सारखा नाकावर घसरत होता. तिला काही आठवलं नाही, किंवा आठवूनही तिने दाखवलं नाही. ती म्हणाली की इथे रोज कुणी ना कुणी काहीतरी बोलतं बाई, मी ते घरी नेत नाही. मग तिने नाव विचारलं. सेलेस्ते बाजूला सरली आणि जुरेमा खिडकीशी आली.

"ओस्मार तावारेस," जुरेमा म्हणाली. दफनानंतर तिने जागेपणी हे नाव तोंडातून काढलं नव्हतं.

बाईने टाइप केलं, पडद्यावर बोट फिरवत खाली आली. "आहेत ना. कागदापायी मागे पडले होते, पण बरेच वर सरकलेत. आता तिसरे आहेत." तिने चष्मा वर ढकलला. "चाचण्या जुन्या झाल्यात, तेवढ्या नव्याने करून घ्या. पुढच्या महिन्यात बोलावणं येईल."

मागे कुणीतरी खोकलं. सेलेस्तेने भिंतीला हात लावला. जुरेमाला वाटलं, आता ही बोलेल, पण ती बोलत नव्हती, आणि तिसरं कुणी नव्हतं.

"तो वारला," जुरेमा म्हणाली. "मागच्या वर्षी, जुलैत."

बाईने पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली की तसं असेल तर नाव काढावं लागेल, घरच्या माणसाची सही लागते. तिने छापील कागद फटीतून सरकवला. त्यावर रुग्णाचं नाव, रांगेतला क्रमांक, नाव काढण्याचं कारण, सही करणाऱ्याचं नातं अशा ओळी होत्या. जुरेमाने पेन सेलेस्तेपुढे धरलं. सेलेस्तेने ते घेतलं नाही. मग जुरेमानेच लिहिलं. क्रमांकापुढे तीन. कारणापुढे मृत्यू. नात्यापुढे बहीण. सही केली आणि कागद परत सरकवला. बाईने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर सेलेस्ते बसथांब्यावर उभी राहिली. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, तिला उरलेला स्वयंपाक गाठायचा होता. बस दिसू लागल्यावर ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "काही दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही. किती दिवस, ते मलाच माहीत नाही. रविवारीही येऊ नकोस." बस थांबली. पायरीवर एक पाय ठेवून तिने मागे पाहिलं. "दहा वाजून गेलेत. खाल्लं नाहीयेस तू."

जुरेमा बाकावर बसली आणि डबा उघडला. उकडलेलं अंडं होतं, चीजचे दोन तुकडे होते. अंड्याचा एक घास घेतला आणि तो नको इतका खारट लागला. मीठ जास्त पडलं असं वाटून तिने पुढचा घास घेतला, तेव्हा कळलं की नाकावरून ओठांवर पाणी येतंय आणि छाती वरखाली होतेय. तिने सवयीने यंत्र काढलं, बोट टोचलं, थेंब लावला. ब्याण्णव. तिने आकड्याकडे पाहिलं, दुसरं बोट टोचून पुन्हा पाहिलं. नव्वद. शेजारच्या माणसाने तोंड दुसरीकडे फिरवलं. एक बस आली आणि गेली, मग आणखी एक. ओस्मार शेजारी येऊन बसला नाही. बाक खचला नाही, कुठलाही वास आला नाही, फक्त तो नव्हता, आणि ते नसणं या थांब्याएवढं, या रस्त्याएवढं होतं. रडू थांबत नव्हतं. डबा मांडीवर धरून जुरेमा रडता रडताच अंडं चावत राहिली, सावकाश, एकेक घास.